राजाने आधी विचारायला हवं होतं

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेल रात्री अडीचला आलेला दिसतो. हिंजवडीत लोक रात्री अडीचलाही काम करतात हे ऐकून होते, पण तू काम करत नव्हतास हे दुसऱ्याच ओळीत कळलं. ऑफिसातली एक मुलगी तुला आवडते. गेले काही महिने तू तिला रोज एक गाणं पाठवतोस. ती कधी बदाम पाठवते, कधी नुसता अंगठा, आणि मागच्या आठवड्यापासून निळ्या टिकांपलीकडे काहीच नाही. म्हणून तू आता अरुण दात्यांचं 'भातुकलीच्या खेळामधली राजा आणिक राणी' हे गाणं लावून रात्र काढतोस आणि मला विचारतोस, 'बाई, माझाही डाव अर्ध्यावरच मोडला का?'

अरे, डाव मोडायला आधी तो मांडावा लागतो.

चिडू नकोस. तुझी चेष्टा करायचा मला हक्क आहे. सहावीत असताना माझ्या गाण्याच्या क्लासात पेटीच्या भात्यावर डोकं ठेवून झोपलेल्या तुला मी पाहिलंय. पण मेलच्या शेवटी, घाईघाईत, तू एक प्रश्न विचारलास तो मला खरा वाटला. लहानपणापासून एकाच गायकाला ऐकत आलेल्या माणसाला प्रेम कळतं, की फक्त गाणं कळतं? त्या प्रश्नासाठी हे पत्र. टाइप करायला वेळ लागला, भाचीने मदत केली, पण तिला मधला मजकूर वाचू दिला नाही.

आधी अरुण दात्यांबद्दल. तुला ते आजोबांच्या कॅसेटींतून मिळाले, आणि ऑफिसातली पोरं त्यावरून तुला 'आजोबा' म्हणतात. म्हणू देत. पंधराव्या-सोळाव्या वर्षी कोणाचा आवाज आपल्या वाट्याला येतो हे आपण निवडत नाही. घरात काय वाजतं, शेजारी काय वाजतं, कोणाच्या लग्नात काय लागलं होतं, त्यावर ते ठरतं. माझ्या वेळी रेडिओने ठरवलं. तुझ्या वेळी आजोबांनी. निवड पुढे येते, आणि ती गायकाची नसते. त्या गायकाकडून काय घ्यायचं आणि काय त्याच्याकडेच राहू द्यायचं, याची असते. मला तुला सांगायचं आहे ते एवढंच, बाकी सगळा त्याचा विस्तार आहे.

तू लिहितोस, 'मला बोलता येत नाही बाई, माझा स्वभावच तसा, म्हणून गाणी पाठवतो.' तर ऐक. अरुण दाते इंदूरचे. जन्म १९३४ चा. वडील रामूभैया दाते म्हणजे त्या गावातला रसिकांचा राजा, पु. ल. देशपांडे त्यांच्याबद्दल किती जिव्हाळ्याने बोलत आणि लिहीत. शेजारी देवासला कुमार गंधर्व, त्यांच्याकडे या मुलाचं सुरुवातीचं शिक्षण. पुढे मुंबईत येऊन टेक्स्टाइल इंजिनीअरिंग, गिरणीत नोकरी, आणि १९५५ च्या सुमारापासून आकाशवाणीवर गाणं. गाणं कुठलं? उर्दू गझल! संगीतकार श्रीनिवास खळ्यांनी हा आवाज हेरला आणि मराठी भावगीत गाण्यासाठी मागे लागले, तेव्हा दाते लगेच हो म्हणाले नाहीत. इंदुरी वळणाचं आपलं मराठी पुण्या-मुंबईच्या लोकांना चालेल का, ही धास्ती. खळे चिकाटीचे निघाले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला 'शुक्रतारा मंद वारा' आलं ते त्यांच्या त्या चिकाटीतून.

आता त्या गाण्याची माणसं बघ. शब्द मंगेश पाडगावकरांचे, ते वेंगुर्ल्याचे. चाल खळ्यांची, त्यांचं बालपण बडोद्यात गेलेलं. गायक इंदूरचा. आणि बरोबर गाणाऱ्या सुधा मल्होत्रा, दिल्लीत जन्मलेल्या, पंजाबी घरातल्या, हिंदी सिनेमात नाव झालेल्या. ज्या गाण्याला तीन पिढ्या अस्सल मराठी प्रेमाचा आवाज समजत आल्या, त्यातले दोन्ही गळे महाराष्ट्राबाहेरून आलेले. ते उच्चार त्यांना आपसूक आलेले नाहीत. बसून, विचारून, पुन्हा पुन्हा म्हणून आलेले आहेत. तेव्हा 'माझा स्वभावच तसा' हे माझ्यापुढे चालणार नाही. 'आपण रविवारी भेटूया का?' एवढं एक वाक्य एका इंजिनीअरला शिकता येतं.

दात्यांकडून घ्यायची पहिली गोष्ट म्हणजे त्यांचा आवाज लावण्याचा प्रकार. तुला आठवत असेल, तू आठवीत असताना प्रत्येक ओळीच्या शेवटी एक मुरकी, सुरांची छोटी गिरकी, टाकायचास आणि मी ती पुसायला लावायची. तू विचारलंस, 'का? छान वाटते की.' छान वाटत होतीच. पण शब्द तिच्याखाली दबत होता. संगीतकार यशवंत देव ज्याला शब्दप्रधान गायकी म्हणत, तिचा धडा दात्यांइतका सोपा करून फार थोड्यांनी दिला. तो आवाज समोरच्याला दिपवायला जात नाही. सुरांची हरकत घेतली तरी अर्थाला बाजूला सारून घेत नाही. आणि मुख्य म्हणजे ऐकणाऱ्याकडून लगेच काही मागत नाही. गझलेतून आलेली ती अदब आहे. शेर म्हणणारा समोरच्याला विचार करायला जागा ठेवतो, तशी जागा दाते ओळीनंतर ठेवतात. खळ्यांच्या चाली ऐकायला सोप्या आणि गायला बसलं की घाम काढणाऱ्या. त्या अवघड जागा हा माणूस कष्ट न दाखवता पार करतो. कोणाशी जवळीक करताना असा आवाज लावता आला, तर निम्मं काम झालं. तू तिला रोज एक गाणं पाठवतोस यात मात्र ती जागा कुठे आहे? रोज सकाळी तिच्या फोनवर एक मागणी येऊन पडते, ती कितीही सुरेल असो. बिचारीने बदाम तरी किती पाठवायचे?

(हे सगळं लिहिताना लावणी गाणाऱ्या बायका माझ्याकडे बघून हसतायत असं वाटतं. हळू आवाजातच प्रेम करता येतं असं मुळीच नाही. खडा आवाज, सरळ मागणी, डोळ्याला डोळा, तीही एक रीत आहे आणि ती काही कमी दर्जाची नाही. पण तुला ती जमणार नाही, तुझा पिंड दात्यांचा आहे, म्हणून त्या वाटेने तुला नेत नाही.)

आता भातुकलीच्या गाण्याकडे येते, कारण खरं घोडं तिथे अडलंय.

शाळांच्या गॅदरिंगमध्ये हे गाणं मुलं हौसेने म्हणतात. भातुकली आहे, राजा आहे, राणी आहे, पालकांनाही वाटतं बालगीतच. आणखी थोडं वय वाढलं की तेच गाणं ऐकून उशी ओली होते. तू सध्या त्या दुसऱ्या मुक्कामावर आहेस. मी तुला तिसऱ्यावर न्यायला बघते आहे, त्यासाठी डोळे पुसून शब्द वाच. गाणं न लावता, कागदावर लिहून काढून वाच.

पहिल्या अंतऱ्यात राजा काय म्हणतो? मला शब्दांशिवाय सगळं समजलं. तुझ्या हातावरच्या रेषा माझ्या नशिबाशी बोलतात. आणि त्याच क्षणी राणीच्या डोळ्यांत पाणी येतं. का येतं, हे तो विचारत नाही. त्याला वाटतं आपल्याला कळलंय. दुसऱ्या अंतऱ्यात राणी बोलते, आणि बरंच स्पष्ट बोलते. उद्या पहाटे वाट वेगळी आहे, वारा दुसऱ्या गावचा आहे, असं दूरच्या ताऱ्याकडे बघत ती सांगते. ते राजाला कळतं केव्हा? उशिरा. पाडगावकरांनी तो उशीर स्वच्छ लिहून ठेवलाय. तिसऱ्या अंतऱ्यात राजा अखेर प्रश्न विचारतो, पण कसले? जीव असे का जोडावे, दैव असं का करतं. आता या प्रश्नांना ती काय उत्तर देणार? तिला विचारायचा प्रश्न पहिल्या अंतऱ्यातला होता, तुझ्या डोळ्यांत पाणी का आलं? तो राहून गेला.

लोक या गाण्यातला दोष दैवाला देतात. मी राजाला देते. माझं हे मत सगळ्यांना पटत नाही. आमच्या क्लासच्या वर्धापनदिनाला मी हे बोलले तेव्हा एक निवृत्त प्राध्यापक चहा न घेता निघून गेले. पण माझं मत पक्कं आहे. 'शब्दांवाचून कळलं' असं ज्याला वाटतं, त्याला बहुतेक वेळा स्वतःचंच म्हणणं ऐकू आलेलं असतं. गंमत बघ, शब्दांवाचून कळतं हे सांगायलासुद्धा कवीला शब्द लागले, संगीतकाराला चाल लागली, गायकाला दम लागला. मग तुझंच काम बदाम आणि अंगठ्यावर कसं भागेल? ती गप्प झाली याचा अर्थ तू आठवडाभर लावतो आहेस. तिच्याकडे आजारपण असेल, घरी पाहुणे असतील, तुझी गाणी आवडत नसतील, दुसरं कोणी आवडत असेल, किंवा तूही आवडत असशील आणि तू काही बोलत नाहीस म्हणून ती वैतागली असेल. यातलं काय खरं हे मला मिरजेत बसून कळणार नाही आणि तुला गाणं लावूनही कळणार नाही.

याच गाण्यात दात्यांचं एक काम लक्षात घे. ते राजा होत नाहीत. राजा वदला, राणी वदली, असं ते सांगतात. कथेकऱ्याच्या जागी उभं राहून गातात. गळा भरून येऊ देत नाहीत, हुंदका नाही, शेवटच्या ओळीत आवाज फोडून टाकणं नाही. यशवंत देवांची चालही तशीच, गोष्ट सांगत पुढे जाणारी. म्हणून तर इतकी वर्षं ते गाणं शिळं झालं नाही. तू मात्र पहिल्या ओळीपासून राजाच्या गादीवर जाऊन बसलास. ऐकणाऱ्याने गाण्यात शिरावं, जरूर शिरावं, पण थोड्या वेळाने बाहेर येऊन आपल्या घरी जावं. त्या गाण्यात राजाचं ठरलेलं आहे. तुझं अजून काहीही ठरलेलं नाही.

लाख चुका केल्या पण प्रीती केली, या आशयाचं त्यांचं गाणं तू मेलमध्ये लिहून पाठवलंस, स्वतःच्या बाजूने पुरावा म्हणून. ते गाणंही पाडगावकर-देव-दाते या तिघांचं, आणि मला फार प्रिय आहे. पण ते अखेरचे शब्द म्हणून आलेले आहेत. आयुष्य जगून झाल्यावर, हिशेबाची वही मिटताना. बाविसाव्या वर्षी तेच वाक्य म्हटलं की ती आगाऊ माफी होते. असे पुरुष मी बघितलेत, आणि अशा बायकाही, ज्यांनी प्रेम केलं या एका गोष्टीवर उरलेल्या सगळ्या गोष्टी माफ करून घेतल्या. उशिरा येणं, न सांगता जाणं, पैसे न सांगता खर्चणं, सगळं. गाणं त्यांना जबाबदार नाही, पण ते गुणगुणत असत हेही खरं. या गाण्याला अजून वीसेक वर्षं हात लावू नकोस. गायलास तरी चालेल, वापरू नकोस.

त्यापेक्षा 'भेट तुझी माझी' ऐक. शुक्रताऱ्यात चंद्र, चांदणं, पाणी, वारा, जे जे छान ते सगळं हजर. इथे त्याच कवीने आणि त्याच गायकाने काय घेतलंय बघ. वादळ, पाऊस, कुठे दिवा नाही, आभाळात तारा नाही. आणि तरी ती भेट आठवताना आवाजात तक्रार नाही. ज्याची भेट आठवायची आहे ते माणूस आज जवळ आहे की नाही, हे ते गाणं ठासून सांगत नाही. मला हे गाणं शुक्रताऱ्यापेक्षा मोठं वाटतं. प्रेमात चांदणं पुरवायला निसर्ग बांधील नाही, हे तरुणपणी कोणीतरी गोड आवाजात सांगायला हवं. मला या गाण्याने सांगितलं.

आमच्या ह्यांचं तुला माहीतच आहे. गाण्यातले औरंगजेब. लग्न ठरलं तेव्हा मी भावगीतांनी इतकी भारलेली, की नवरा निदान खिडकीशी उभा राहून चंद्राबद्दल एखादं वाक्य बोलेल अशी अपेक्षा. हे चंद्राबद्दल ग्रहण असलं तरच बोलतात. पण माझ्या सकाळच्या रियाजाच्या वेळी घरात कोणी मोठ्याने बोललेलं त्यांनी कधी खपवून घेतलं नाही, त्यांच्या आईनेसुद्धा. त्या काळात, एकत्र कुटुंबात, हे सोपं नव्हतं. शुक्रताऱ्यात हे कुठेच बसत नाही. भावगीतातलं प्रेम घराबाहेर घडतं, बहुधा संध्याकाळनंतर, आणि तिथे गॅस संपत नाही, कोणाची बदली होत नाही, कोणाच्या घरचे जात विचारत नाहीत, लग्नाच्या खर्चावरून भांडत नाहीत. यात त्या गाण्यांचा दोष नाही. तीन-साडेतीन मिनिटांत काय काय मावणार? पण तेवढंच ऐकून जो मोठा होतो, त्याला चांदणं ओसरलं की प्रेमच ओसरलं असं वाटू लागतं.

आणखी एक. तुझ्या यादीतली जवळजवळ सगळी गाणी पुरुषाने लिहिलेली, पुरुषाने गायलेली, आणि ऐकणारी बाई त्यात गप्प. शुक्रतारा त्या मानाने बरं. तिथे तिला स्वतःचा अंतरा आहे, आणि त्याने जे मागितलं तेच ती उलट त्याच्याकडे मागते, जवळ राहा म्हणते. युगुलगीत शिकवताना मी मुलांना आधी समोरच्याचा अंतरा पाठ करायला लावते, तुलाही लावला होता, तेव्हा तू तोंड वाकडं केलं होतंस. त्या दुसऱ्या आवाजाची, सुधा मल्होत्रांची, गोष्ट तुला ठाऊक आहे का? १९५९ च्या 'दीदी' सिनेमात मुकेशबरोबरच्या एका गाण्याची चाल त्यांनी स्वतः बांधली. साहिर लुधियानवीचे शब्द, आणि चाल बांधणारी बाई विशी ओलांडून फार वर्षं न झालेली! १९६० मध्ये लग्न झालं आणि सिनेमातलं पार्श्वगायन जवळपास थांबलं. राज कपूरच्या १९८२ च्या 'प्रेम रोग'मध्ये तो आवाज पुन्हा ऐकू आला. मधली वर्षं मोज. शुक्रतारा ऐकताना तो आवाज किती मोकळा लागलाय हे ऐक, आणि मग ज्या मुलीला तू गाणी पाठवतोस तिला लग्नानंतर काय सोडायला लागू नये असं वाटतं, हे तुला माहीत आहे का, ते स्वतःला विचार. तिला काय ऐकायला आवडतं, हे तरी माहीत आहे का? तुझ्या मेलमध्ये तिने पाठवलेल्या एकाही गाण्याचा उल्लेख नाही. तिने पाठवलं नाही, की तू ऐकलं नाहीस?

म्हणून जोडीला जात्यावरच्या ओव्या ऐक. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि त्यातल्या पुष्कळ आता इंटरनेटवर ऐकायला मिळतात. पहाटे दळताना बाईने स्वतःशी आणि शेजारणीशी म्हटलेलं ते गाणं आहे. त्यात नवरा आहे, सासर आहे, माहेरची वाट आहे, भाऊ आहे, राबणं आहे, आणि प्रेम या सगळ्याच्या मधूनमधून येतं. कधी टोमण्यातून येतं, कधी लुगड्याच्या रंगातून. तुझ्या कानाला सुरुवातीला ते ओबडधोबड लागेल. ऐकत राहा. दात्यांचा आवाज त्यानंतर तुला आणखी आवडेल, पण तो एकटाच खरं बोलतो असं वाटणार नाही.

पाडगावकरांवरही चांदण्याचा कवी असा शिक्का मारून मोकळा होऊ नकोस. त्याच हाताने 'सलाम' लिहिलं, दडपणापुढे वाकणाऱ्या माणसाची सालटी काढणारं, आणि त्या संग्रहाला १९८० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हळुवार लिहिणारा माणूस मऊ असतो असं काही नाही. ऑफिसात तुझा साहेब शनिवार-रविवार बोलावतो आणि तू नाही म्हणू शकत नाहीस, असं तू दोन ओळींत लिहिलं आहेस, त्याचाही मला इथे संबंध दिसतो. नाही म्हणता न येणाऱ्या माणसाने केलेला होकार समोरच्याला पुरेसा वाटत नाही.

नोकरी सोडून गाऊ का, हा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला होता. नको. दात्यांनी गिरणीतली नोकरी बरीच वर्षं केली आणि गाणं तिच्याबरोबरच चालवलं. पूर्णवेळ गाणं खूप उशिरा. त्यांचा गळा तुझ्या गळ्यापेक्षा किती पुढचा होता हे तुला सांगायला नको. शिवाय तुला नोकरी आत्ता सोडायची आहे ती गाण्यासाठी नाही, तिच्या खुर्चीसमोरून रोज जावं लागू नये म्हणून. मी पेटीवर बोट ठेवलं की तू कुठल्या सुराला चोरतोस ते मला कळतं, मग मेलमध्ये कळणार नाही?

एकाच गायकात अडकलोय का, असंही विचारलंस. नाही अडकलास, पण एकाच वयात अडकलायस. दात्यांनीच सुरेश भटांचं 'सूर मागू तुला मी कसा' गायलंय, चाल हृदयनाथ मंगेशकरांची. तिथे समोर प्रेयसी नाहीच, आयुष्य आहे, आणि गाणारा त्याच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलतो. तू तसा, मी असा. गयावया नाही आणि गुर्मीही नाही. ते गाणं तू कधीच पाठवलं नाहीस तिला, आणि कधी म्हटलंही नाहीस क्लासमध्ये. कारण त्यात रडायला जागा नाही. गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमात गाणार आहेस म्हणतोस, तर या वर्षी तेच घे. भातुकली नको. सोसायटीतल्या सगळ्या काकूंना ते येतं, त्या बरोबर म्हणायला लागतील आणि तुझं लक्ष प्रेक्षकांत कोण बसलंय तिकडे जाईल.

आता कामाचं. तिला गाणी पाठवणं आजपासून बंद. एकदम गप्पही होऊ नकोस, त्याला लोक रुसणं म्हणतात. एक साधा निरोप लिही, आपल्या रोजच्या मराठीत, त्यात चंद्र-तारा नको: 'रोज गाणी पाठवत होतो, तुला त्रास झाला असेल तर सांग. मला तुझ्याशी बोलायचंय, वेळ असेल तेव्हा चहाला भेटूया का?' ऑफिसची गोष्ट आहे, तेव्हा तिच्यावर कसलीही अडचण येणार नाही अशा बेताने विचार, आणि एकदाच विचार. ती नाही म्हणाली तर 'बरं' म्हणायचं आणि खरोखर बरं म्हणायचं. दुसऱ्या दिवशी विरहाचं गाणं स्टेटसला ठेवायचं नाही. स्टेटस बघणारे तुझे आई-वडीलही आहेत, आणि मीही. ती भेटायला हो म्हणाली तर अर्धा वेळ तिला बोलू दे. दात्यांचा विषय पहिल्या भेटीत काढलास तर तुझं तू बघून घे.

'सूर मागू'ची पट्टी मागच्या वेळी तू पेटीवरची काळी दोन धरली होतीस, वर गेल्यावर ओढाताण होते. काळी एकपासून सुरू कर. तानपुऱ्याचं ॲप मोबाइलच्या स्पीकरवर लावू नकोस. हेडफोनही नको, कानाला चिकटून राहतो; बाहेरचा छोटा स्पीकर घे. पहिल्या आठवड्यात नुसते शब्द म्हण, चाल नको. आणि अंतऱ्याच्या आधी जिथे तू घाई करतोस तिथे तबलजीकडे बघ, तो तुझी वाट बघत असतो.

ह्यांनी आशीर्वाद सांगितलेत. हरितालिकेच्या आधी क्लासला सुट्टी आहे, तेव्हा येऊन जा, एकदा समोर बसून घेऊ. येण्याआधी फोन कर, मेल नको.

तुझी
बाई